कामरगावच्या भिंतीसाठी

अकोला

चि. ताई,


शाळेची दर्शनी भिंत एकदाची रंगवून घ्यावी, की गावकऱ्यांची चित्रं पाळीपाळीनं लावावीत, असं तू विचारलंस. पाळीपाळीनंच लाव. रंगवलेली भिंत नव्यानवलाईनं पाहतात, पुढे तिच्याकडे कोणाची मान वळत नाही. शिवाय रंगारी आला की वारलीच काढतो. वारली थोरच; जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण वारल्यांचा लग्नचौक तरी कायमचा कुठे असतो? सवाशिणी तो त्या लग्नापुरता तांदळाच्या पिठानं लिहितात. आणि आपल्या वऱ्हाडात काय कमी आहे? नागपंचमीचे भिंतीवरचे नाग, पोळ्याच्या झुली, कोजागरीची भुलाबाई. सणागणिक चित्र बदलायची रीत आपल्या घरांत आहेच, ती फक्त शाळेच्या भिंतीपर्यंत आण.

तांड्यावरच्या आज्यांना विसरू नकोस. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तिथं सहल अवश्य ने. पण आरसे-कवड्यांचा कशिदा स्वतः करणारी बाई आपल्या पोरांना भेटली पाहिजे. तिचं कापड उन्हात टांगू नकोस, विटेल. नक्षी पोरांकडून पत्र्यावर उतरवून घे आणि खाली तिचं नाव ठळक लिही.

भिंत उत्तरेकडची निवड, ऊन कमी लागतं. कागद बाहेर नकोच. एकाच मापाचे पत्रे कापून घे, कडा घासून घे, ऑइलपेंट वापर. वावधनात पत्रा उडून पोरांना लागू नये म्हणून वर अडकवलास तरी खालूनही बांध. चित्र बाहेर लागणार असेल तर पोस्टर कलरच्या गुलाबीवर भरवसा ठेवू नकोस, वैशाखात उडतो. गेरू उन्हाला दाद देत नाही, तो लोखंडाच्या मातीचा रंग. अजिंठ्याचा लालही त्याच जातीचा.

निवड तू एकटीनं करू नकोस. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, त्यांना बसव. स्पर्धा मात्र ठेवू नकोस, नंबर तर मुळीच काढू नकोस. ज्या बाईनं कधी ब्रश धरला नाही, ती नंबराच्या धाकानं येणारच नाही. उतरवलेलं चित्र ज्याचं त्याच्या घरी पोचतं कर.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला सारं गाव शाळेत येतं. पहिले पत्रे त्याच दिवशी लाव.

तुझा,
मामा