नित्य आणि नैमित्तिक

शाळेंत संस्कृत शिकवितांना मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं, ग्रंथ वाचावा तो टीपांसह. खरा अर्थ पुष्कळदां टीपेंतच दडलेला असतो. हा उपदेश करणाऱ्या गृहस्थानें स्वतःच्या आरोग्यविम्याची पॉलिसी मात्र न वाचतांच पेटींत ठेवून दिली होती, हें कबूल करतांना आज संकोच वाटतो.

विमा उतरल्यानंतर दुसऱ्या वर्षीं आमच्या सौभाग्यवतीस रक्तदाबाची व्यथा जडली. डॉक्टरांनीं रोजच्या दोन गोळ्या लिहून दिल्या आणि त्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतील, असें सांगितलें. महिन्याचें बिल साडेसातशें रुपयांच्या घरांत जाऊं लागलें. विमा आहे, तेव्हां हा पैसा परत मिळणारच, या समजुतीनें मी प्रत्येक बिल तारीखवार जपून ठेवीत असें. वर्षअखेर तो सारा जुडगा कंपनीकडे धाडला. थोड्याच दिवसांत उत्तर आलें : रुग्णालयांत दाखल न होतां घेतलेल्या औषधांचा खर्च या पॉलिसींत मिळत नाहीं.

मी संतापलों, आणि जेवतांना सर्वांदेखत बोलून गेलों, "महिन्याला साडेसातशें रुपये म्हणजे कांहीं थट्टा नव्हे!" बोललों आणि विसरलों, परंतु जिनें तें ऐकलें, ती विसरली नाहीं.

पुढें चार महिन्यांनीं एके पहाटे ती न्हाणीघराच्या दाराशीं चक्कर येऊन पडली. रुग्णालयांत चार दिवस काढावे लागले. दाव्याचे कागद जमवितांना सूनबाईनें औषधांचीं बिलें माझ्यापुढें मांडलीं. एका महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरविल्या जात होत्या! सौभाग्यवतीस विचारलें, तर म्हणाली, "अहो, बरं वाटत होतं, मग उगाच खर्च कशाला?" त्यावर मला बोलण्यास तोंड उरलें नाहीं.

नवलाची गोष्ट पुढेंच आहे. या खेपेस कंपनीनें रुग्णालयाचें बिल तर दिलेंच. पण घरीं आल्यानंतरच्या ६० दिवसांच्या औषधांचेही पैसे दिले. एकसष्टाव्या दिवसापासून पुन्हां आमचें आम्हीं! त्याच गोळ्या, तेंच दुकान. परंतु माणूस उभें असतां न मिळणारा पैसा तें आडवें झाल्यावर मिळाला.

तेव्हां कुठें चष्मा लावून पॉलिसी वाचली. आपल्या धर्मशास्त्रांत कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद सांगितले आहेत. आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमा नैमित्तिकाचा, म्हणजे रुग्णालयांत पडण्याच्या प्रसंगाचा आहे, नित्याचा नाहीं. सन २०२० मध्यें सर्व कंपन्यांसाठीं निघालेल्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसींत दाखल होण्यापूर्वींचे ३० व नंतरचे ६० दिवस धरले आहेत. ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून खुल्या झालेल्या 'आयुष्मान भारत' योजनेंतही औषधें मिळतात तीं रुग्णालयांतून सुटल्यावर १५ दिवसांपुरतीं. नित्याची सोय आहे ती कामगारांच्या राज्य विमा योजनेंत आणि केंद्र सरकारच्या नोकरांच्या व निवृत्तांच्या आरोग्य योजनेंत; तेथें दवाखान्यांतून रोजचीं औषधेंही मिळतात. कांहीं कंपन्या जादा हप्ता घेऊन बाह्यरुग्ण-खर्चाचें कलम जोडून देतात. परंतु त्यास वार्षिक मर्यादा असते, म्हणून हप्ता आणि मर्यादा शेजारीं मांडून मगच निर्णय करावा. आजार आधींपासून असल्यास तो लपवूं नये. त्यासाठीं फार तर तीन वर्षें थांबावें लागतें, लपविल्यास मात्र ऐन वेळीं दावाच बुडण्याची भीति.

मग नित्याचा भार कोणी वाहावा? अर्थात् घरानें. डॉक्टरांना विचारून आम्हीं त्याच घटकाच्या गोळ्या जनऔषधि केंद्रांतून आणूं लागलों. २००८ सालीं सुरू झालेल्या या योजनेंत औषधें नांवाजलेल्या छापाच्या औषधांहून ५० ते ८० टक्के स्वस्त पडतात, असें सरकार सांगतें. आमचें बिल तर दोनशांच्या आंत आलें. तें आतां दूध आणि वाणी यांच्या हिशेबाशेजारीं लिहिलें जातें, आणि त्यावर जेवतांना चर्चा होत नाहीं.

नित्यकर्म केल्यानें विशेष पुण्य लागत नाहीं, न केल्यास मात्र दोष लागतो, असें मीमांसकांचें म्हणणें आहे. रक्तदाबाच्या गोळीचें तसेंच आहे. घेतली तर कांहींच घडत नाहीं, आणि कांहीं न घडणें हेंच तिचें फळ. आमच्या घरीं तिची डबी आतां देवघराच्या कोनाड्यांत असते. सकाळीं माझी संध्या आटोपली कीं, पाण्याचा पेला घेऊन मीच ती पुढें करतों. ती हंसते आणि घेते.

वाचकहो, आपल्या घरांतील वडील मंडळींचीं बिलें एकदां तारखा लावून पाहा. बिल कमी आलें, तर आनंद मानण्यापूर्वीं तें कां कमी आलें, हें विचारा.