दिल्लीहून आलेली मोटार

आमच्या संसारात आजवर तीन वाहने झाली: एक सायकल, एक स्कूटर आणि एस.टी. तिसरे आमच्या मालकीचे नव्हे हे खरे, पण चाळीस वर्षे तिकीट काढल्यावर माणसाला थोडाफार हक्क वाटू लागतोच. परंतु सौ.च्या गुडघ्यांनी एस.टी.च्या पायऱ्यांशी असहकार पुकारला, पुण्याच्या डॉक्टरांकडे महिन्यातून दोन खेपा सुरू झाल्या, आणि फंडातले पैसे मोडून एक जुनी मोटार घ्यावी असे ठरले.

साताऱ्यात हवी तशी मोटार पाच लाखांना पडत होती. तेवढ्यात दिल्लीहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, तीच गाडी इथे साडेतीनला मिळते. पाहू का?"

या स्वस्ताईचे कारण ऐकण्यासारखे आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल मोटारी दिल्लीच्या रस्त्यांवर नकोत, असा हुकूम राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली काढला आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हापासून आठ वर्षांची मोटार तिथे निवृत्तीला टेकलेल्या कारकुनासारखी दिसू लागली. आपल्याकडे नोंदणी पंधरा वर्षांची; म्हणजे तिच्या नोकरीची सात वर्षे शिल्लक! मला हा हिशेब फारच आवडला.

मेव्हण्याने करोलबागेतल्या एका व्यापाऱ्याकडे मोटार पाहिली, ओळखीचा मिस्त्री नेऊन इंजिन तपासले. मी पैसे पाठवले. चौदाशे किलोमीटर चालवत आणण्याचे माझे वय नाही, म्हणून ती ट्रेलरवर चढली. चाळीतल्या बिऱ्हाडांसारख्या वरखाली दोन मजल्यांवर दाटीवाटीने बांधलेल्या मोटारी तुम्ही हमरस्त्यावर पाहिल्या असतील. त्यांतल्याच एका बिऱ्हाडात आमची. पाच दिवसांचे नऊ झाले. पुण्याबाहेरच्या एका आवारात ती उतरली तेव्हा दारावर वीतभर ओरखडा होता आणि डिकीत स्टेपनी नव्हती. ट्रेलरवाला म्हणाला, "जशी चढवली तशी उतरवली." तरीही खंबाटकीचा घाट तिने असा चढला, की मी ओरखडा विसरलो.

खरी चढण पुढे होती. परराज्यातली मोटार बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या कार्यालयाचे ना हरकत पत्र हवे, आणि इथला कर नव्याने भरायचा. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागायचा तर तो दिल्लीतच! दीड लाखाच्या फायद्याला इथेच गळती लागली. मग तपासणी. चासीवर कोरलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासायची, की ठसा उमटतो; लहानपणी आम्ही नाण्यांचे घ्यायचो तसा. साहेबांनी तो ठसा ना हरकत पत्राशी ताडून पाहिला. सतरा अक्षर-अंकांपैकी सोळा जुळले. सतरावे मोटारीवर इंग्रजी 'बी' होते, कागदावर आठचा आकडा.

"कागदाप्रमाणे ही मोटार ती नव्हेच," साहेब शांतपणे म्हणाले.

व्यापाऱ्याने फोन उचलणे बंद केले. मेव्हणा "बघतो" एवढेच म्हणे. तीन आठवडे मोटार दारात उभी, आणि आम्ही पुन्हा भाड्याच्या मोटारीने पुण्याला. शेजारी येता-जाता विचारीत, "अजून दिल्लीचाच नंबर?" अशाच एका संध्याकाळी मी सौ.ला म्हणालो, "तुझ्या भावाला व्यापाऱ्याकडून किती सुटले, तेवढे तरी विचार."

ती काही बोलली नाही. पुढचे दहा दिवस ताटात मीठसुद्धा न मागता मिळत होते, यावरून काय ते समजा.

अकराव्या दिवशी स्पीड पोस्टाने दुरुस्त केलेले पत्र आले. चूक मूळ नोंदणीतलीच, आठ वर्षांपूर्वीची. ती सुधारण्यासाठी मूळ मालकाची सही हवी, आणि तो गुडगावला राहायला गेलेला. मेव्हण्याने त्याला हुडकून काढले, चार रजा खर्ची घालून त्याच्यासह कार्यालयात खेटे घातले. हे त्याने सांगितले नाही. चिठ्ठीत मूळ मालकाने लिहिले होते. बिचाऱ्याने झालेल्या त्रासाबद्दल माझी माफीच मागितली होती.

पाकिटात चुकून आणखी एक कागद आला होता. ट्रेलरच्या भाड्याची पावती, अठरा हजारांची, मेव्हण्याच्या नावावर. भाडे किमतीत धरले आहे अशी माझी समजूत होती. व्यापाऱ्याने आयत्या वेळी हात वर केले होते. पाकीट सौ.ने फोडले होते. पावती तिने माझ्या चष्म्याच्या घराखाली ठेवली आणि ती देवाजवळ दिवा लावायला गेली.

मी पैसे पाठवले. मेव्हण्याने ते उलट धाडले. "दाजी, ताईच्या गुडघ्यांसाठी आहेत ते."

मी काय बोललो होतो ते त्याला ठाऊक आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही. सौ.ने सांगितले नसावे. विचारण्याचा धीर मात्र मला झालेला नाही.

यंदा भाऊबीजेला तो गोवा एक्स्प्रेसने येतो आहे. "स्टेशनवर तुम्ही एकटेच जा," असे मला सांगण्यात आले आहे. साताऱ्याचे स्टेशन गावाबाहेर, माहुलीला. तिथून घरापर्यंतच्या वाटेत बोलायला किती वेळ मिळेल, याचा अंदाज मी चार दिवस घेतो आहे. मोटार धुऊन ठेवली आहे. नवी स्टेपनीही टाकली.