पाना लावण्याआधी

कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी मेंटेनन्सला हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा वॉल्व्ह काढणं म्हणजे नट सोडवणं एवढीच माझी समजूत होती. हे काम नेमकं कुठून सुरू होतं, ते आमच्या मिस्त्रींनी एका थंडीत मला दाखवलं.

कॉस्टिकच्या लाइनवरचा तीन इंची बॉल वॉल्व्ह बदलायचा होता. परमिट हातात आलं होतं. पंप बंद करून त्याच्या स्विचला कुलूप आणि टॅग लावला होता. दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद होते, गेजचा काटा शून्यावर होता. ड्रेन उघडला तर थेंबही आला नाही. ऑपरेटर म्हणाला, “मिस्त्री, लाइन रिकामी आहे, घ्या खोलून.”

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. “रिकामी झालेली लाइनसुद्धा चार थेंब देते. काहीच येत नाही, म्हणजे ड्रेन चोक आहे.”

पहाटेचा गारठा होता. 50 टक्क्यांची कॉस्टिक लाय 12 अंशांच्या आसपास गोठू लागते आणि ड्रेनच्या बारीक नळीत ती सगळ्यात आधी धरते. गेजची नळीही तेवढीच बारीक, त्यामुळे काट्यावरही भरवसा ठेवता येत नव्हता. मिस्त्रींच्या सांगण्यावरून आम्ही ड्रेनच्या नळीला गोणपाट गुंडाळलं आणि लांबून त्यावर गरम पाणी सोडत राहिलो. बऱ्याच वेळाने आधी गोठलेला गोळा निघाला आणि मागून लायीची धार लागली. खाली ठेवलेला ड्रम भरत आला. वरच्या उभ्या पाइपातली सगळी लाय तिथेच होती. फ्लँज आधी खोलला असता, तर ती छातीवर आली असती.

एवढं झाल्यावरही मिस्त्रींनी घाई केली नाही. सेफ्टी शॉवर स्वतः चालवून पाहिला. लाय डोळ्यात गेली, तर पाण्यापर्यंत पोहोचायला काही सेकंदच मिळतात आणि मग किमान 15 मिनिटं डोळे धूत राहावं लागतं. पीव्हीसी सूट, तोंडावर फेस शील्ड, रबरी हातमोजे, गमबूट असा सगळा वेश चढवून ते फ्लँजच्या बाजूला उभे राहिले. पहिला नट ढिला केला तो अंगापासून सर्वांत लांबचा. एकही नट पूर्ण काढला नाही. पाचर घालून फ्लँज जरासा फाकवला, तेव्हा उरलीसुरली लाय पलीकडच्या बाजूने निथळून गेली. वॉल्व्ह उतरवल्यावर लाइनच्या उघड्या तोंडांना लगेच ब्लाइंड मारले. मग ट्रेमध्ये धरून वॉल्व्हचा दांडा अर्धा फिरवला, तर त्यातूनही लाय आली. बंद बॉल वॉल्व्ह बॉलच्या भोवतीच्या पोकळीत माल धरून ठेवतो, गेट वॉल्व्ह बॉनेटमध्ये. वर्कशॉपमध्ये व्हाइसला लावून तो उघडणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर लाइनवर टळलेला अपघात तिथे होतो.

आता मी सुपरवायझर आहे. काम सुरू होण्यापूर्वी नव्या पोरांना मी एक हिशेब घालतो. गेजवर सात किलो दाब आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सात किलो. सहा इंची पाइपाच्या तोंडावर तो जोर सव्वा टनाहून जास्त होतो. तो थोपवणारा बंद वॉल्व्ह आतून पास होत असला, तरी बाहेरून दिसत नाही. म्हणून जिथे धोका मोठा आहे, तिथे दोन वॉल्व्ह बंद करून मधला ड्रेन उघडा ठेवायचा किंवा ब्लाइंड घालायचा. नॉन-रिटर्न वॉल्व्हला तर अडसर म्हणून धरायचंच नाही.

मग मी त्यांना दोन अपघात सांगतो. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर एका पंपाचा सेफ्टी वॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज होता, पण तो गॅस रोखेल इतका घट्ट नव्हता. वॉल्व्ह जागेवर नाही हे रात्रपाळीला कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. त्या रात्री 167 माणसं गेली. दुसरा अपघात 22 नोव्हेंबर 2016 चा, अमेरिकेतल्या बॅटन रूज रिफायनरीतला. प्लग वॉल्व्हचा गिअरबॉक्स अडकला म्हणून तो काढताना जे बोल्ट सोडवले, तेच त्या जुन्या बनावटीच्या वॉल्व्हचं वरचं झाकणही धरून होते. पाना लावून वॉल्व्ह फिरवताच तो सुटा झाला, आयसोब्युटेन बाहेर पडून पेटला आणि चार कामगार गंभीर भाजले. तिथल्या बहुतेक वॉल्व्हचे ते बोल्ट काढले तरी झाकण जागेवर राहत असे. या वॉल्व्हची बनावट निराळी होती आणि ते कामगारांना कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्याकडेही 1948 च्या फॅक्टरी अॅक्टच्या 37 व्या कलमात, दाबाखालच्या ज्वालाग्राही वायूच्या पाइपाचा सांधा ढिला करण्यापूर्वी प्रवाह थांबवला पाहिजे आणि सांधा उघडण्यापूर्वी दाब उतरवला पाहिजे, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण शटडाउनला आज पाना बहुतेक ठेकेदाराच्या माणसाच्या हातात असतो. तो परवा दुसऱ्या कारखान्यात होता आणि या लाइनमध्ये काय वाहतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कारखानदारांना माझं सांगणं आहे की लाइन रिकामी करायला लागणारा वेळ शटडाउनच्या वेळापत्रकात आधीच धरा आणि परमिटवर सही करणाऱ्याला जागेवर पाठवा. आणि पाना धरणाऱ्या माझ्या भावांनो, लाइनमध्ये काय आहे, दाब कुठून उतरवला आणि ड्रेनमधून काय आलं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय नटाला हात लावू नका. उत्तर मिळालं नाही तर काम थांबवा, तो तुमचा हक्क आहे.