मुक्काम

भुईमूग उपटला की हात आधी शेंगांकडे जातो. शेंगा तोडून पाला जनावरांपुढे पडतो. माझी नजर मात्र मुळांवर रेंगाळते. त्या बारीक तंतूंवर मोहरीएवढ्या गाठी असतात. एखादी नखानं फोडली तर आत फिकट लाल रंग दिसतो, आणि रक्ताची आठवण येते. ती उगाच येत नाही. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातल्याच एका प्रथिनाचा.

गाठीत जिवाणू राहतात. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं असे घट्ट धरून बसतात की त्या हवेत बुडालेलं रोप उपाशी राहू शकतं. कारखान्यात ती मिठी सोडवायला चारशेच्या वर अंश तापमान लागतं, वर प्रचंड दाब. हा जिवाणू तेच काम थंड, ओल्या मातीत करतो. त्याच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचं विकर आहे, पण ते मोठं नाजूक. ऑक्सिजन लागला की निकामी होतं. आणि श्वासाला तर ऑक्सिजन हवाच. म्हणून तो लाल रंग. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजून मोजून पुरवतं.

हॉलंडच्या बायेरिंकनं 1888 साली हे जिवाणू गाठींतून वेगळे काढून दाखवले. त्याचं नाव न ऐकलेले आपले शेतकरीही हरभऱ्याचा बेवड गव्हाला चांगला, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

मला चटका लावते ती मात्र दुसरीच गोष्ट. हे साहचर्य दर पेरणीला नव्यानं जुळावं लागतं. शेंगेतल्या दाण्यात जिवाणू नसतो. तो मातीत असावा लागतो, मुळांनी रसायन सोडून त्याला बोलवावं लागतं, मग तो आत शिरतो. रान नवं असेल तर माणसानं मध्यस्थी करायची: गुळाच्या पाण्यात या जिवाणूचं, म्हणजे रायझोबियमचं, पाकीट कालवायचं, बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. कोट्यवधी वर्षांची ओळख, तरी प्रत्येक रोपाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

समुद्रात एका जीवानं ही कटकटच मिटवून टाकली आहे. त्याचं नाव जिभेला जड आहे, ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी. एकपेशीय शैवाल, पण अंगावर चुन्याच्या बारा पंचकोनी पट्ट्या, एकीला एक लावून बसवलेल्या. भूमितीच्या मास्तरांनी स्वतः घडवावं असं काम. 1998 साली जोनाथन झेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रशांत महासागराच्या पाण्यात डीएनएचा एक लहानसा तुकडा सापडला. तो नायट्रोजन पकडणाऱ्या कुठल्या तरी जिवाणूचा होता, पण ज्याचा होता तो काही हाती लागेना. तिकडे जपानमध्ये क्योको हागिनो याच शैवालाच्या मागे होत्या. त्या मूळच्या जीवाश्मांच्या अभ्यासक; चुन्याच्या पट्ट्या खडकांत टिकतात, त्यातून ही ओढ. दहाहून अधिक वर्षं आणि पाणी गोळा करायच्या तीनशेहून अधिक फेऱ्या, तेव्हा कुठे शैवाल प्रयोगशाळेत वाढू लागलं. शोधाच्या बातम्यांत अशा फेऱ्या एका ओळीत उरकतात. मला तीच ओळ सगळ्यात मोठी वाटते.

तो हरवलेला जिवाणू या शैवालाच्या आत होता. कूळ निळ्या-हिरव्या जिवाणूंचं, पण पाणी फोडून ऑक्सिजन सोडण्याची कुळाची विद्या विसरलेला. नायट्रोजिनेजच्या दृष्टीनं ते बरंच झालं! 2024 च्या एप्रिलमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात पुढची गोष्ट प्रसिद्ध झाली. क्ष-किरणांनी पाहिलं तर शैवालाची पेशी विभागते तेव्हा तोही तिच्या तालात विभागतो, आणि प्रत्येक लेकीच्या वाट्याला एकेक जातो. त्याला लागणारी कित्येक प्रथिनं तो स्वतः बनवत नाही. शैवालाची पेशी बनवते. त्या प्रथिनांच्या टोकाला एक ठरावीक जादा तुकडा असतो, त्यावरून ती आत घेतली जातात. पाहुण्याचं ताट वेगळं वाढणं केव्हाच बंद झालं आहे. शास्त्रज्ञांनी त्याला जिवाणूंतून काढून पेशीच्या अंगकांत बसवलं आणि नाव दिलं नायट्रोप्लास्ट.

माझी भाची नीटची तयारी करते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “मावशी, मग तो जिवाणू मेला कधी?”

प्रश्न मोठा नेमका होता. मेला तर नाहीच. पण अमुक दिवसापर्यंत जीव आणि दुसऱ्या दिवसापासून अवयव, अशी तारीखही नाही. हा मुक्काम सुमारे दहा कोटी वर्षांचा मानतात. एक जनुक गळलं, एक काम यजमानावर गेलं, असं होत होत. आपल्या तंतुकणिकांचंही तसंच. दीडशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी त्याही स्वतंत्र जिवाणू होत्या. 1967 साली लिन मार्ग्युलिस यांनी हा विचार नव्यानं मांडला तेव्हा तो कित्येकांच्या पचनी पडला नव्हता. आज माणसाच्या तंतुकणिकेत तिची स्वतःची फक्त 37 जनुकं उरली आहेत. बाकी कारभार केंद्रकाकडे. एवढी 37 का उरली, यावर जाणकार अजून वाद घालतात.

नायट्रोप्लास्टची बातमी आली तशी युरियाशिवाय पिकणाऱ्या गव्हाचीही चर्चा सुरू झाली. होईलही कधी. मला त्यात घाई दिसते. कुणाचं जनुक कुठे न्यायचं एवढाच हा प्रश्न नाही. दोन पेशींना एकमेकींवाचून अडायला लागावं लागतं, आणि ते अडणं काही पाकिटात भरून विकता येत नाही.

भाचीच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलंय की नायट्रोजन स्थिरीकरण फक्त आदिकेंद्रकी जीवच करतात. तिनं ती ओळ दोनदा वाचली.

“मग परीक्षेत काय लिहू?”

“पुस्तकातलंच लिही,” मी म्हटलं. “गुण त्याचेच मिळतात.”