आधी वाच तं खरं

माझ्या नोकरीची सुरुवात एका मुलीचे नऊ दिवस बुडवण्यापासून झाली. ते आधी सांगून टाकतो.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लागलो होतो. तिथे ३२ नोडचा क्लस्टर होता. म्हणजे एका गार खोलीत, एका जाळ्यात बांधलेले ३२ संगणक आणि त्यांना कामं वाटून देणारा एक मुकादम संगणक. मी खामगावचा, शेगावला इंजिनिअरिंग झालेला. आमच्याकडे महासंगणक म्हटलं की विजय भटकर. ते शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणून आमचेच. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ झाला, हे मला पाठ होतं. पण तो एकच एक अजस्र यंत्र नव्हे, तर ट्रान्सप्युटर नावाचे कितीतरी प्रोसेसर एकमेकांना जोडून उभा केलेला होता, हे पदवी हातात आल्यावर त्या गार खोलीत कळलं.

एका शनिवारी चार नोड कामं घेईनात. मला घरच्या कॉम्प्युटरवर शिकलेलं एकच औषध ठाऊक होतं, बंद करून चालू करायचं. चारच का, म्हणून एका आज्ञेत सगळे ३२ रिबूट केले. चारही सुरळीत उठले आणि मी चहाला गेलो. परत आलो तर एक पीएचडीची विद्यार्थिनी दारात उभी. तिचं गणित नऊ दिवस चालू होतं आणि मधल्या टप्प्यावर ते साठवायची सोय तिने केलेली नव्हती. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, “पण बिघडलं काय होतं?”

मला सांगता येईना. आमच्या नोडना स्वतःची डिस्क नव्हती, लॉग, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी, मेमरीतच राहायचे. रिबूट झाल्याबरोबर तेही गेले. बिघाड काय होता ते आजतागायत कळलेलं नाही.

त्या खोलीचे जुने जाणते काका मेहकरचे. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. पुण्यात तीसेक वर्षं काढूनही जिभेवरचं वऱ्हाड जसंच्या तसं. मला वाटलं, आता साहेबांकडे नेतील. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, “पंचनाम्याआधीच जागा सारवून टाकली लेका तुनं. काहून घाई करून राह्यला होता? मशीन काही पळून जात नोती. आधी वाच तं खरं.”

साहेबांना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. माझी नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला वाचायला बसवलं. पहिलं काम म्हणजे प्रत्येक नोडचा लॉग मुकादमाच्या डिस्कवर येऊन पडेल अशी व्यवस्था. मग एकेक आज्ञा. ‘एसइन्फो’ला एक अक्षर जोडून दिलं की कोणता नोड कुठल्या कारणाने बाजूला काढलाय ते छापून येतं. त्या शनिवारीही ते कारण तिथे लिहिलेलं असणार. मी विचारलंच नव्हतं. ‘टेल’ने शेपूट पाहायचं, पण तिथे थांबायचं नाही. “शेवटची ओळ बोंब मारते, कारण वर असते,” असं काका म्हणत. एखाद्याचा प्रोग्रॅम ‘किल्ड’ एवढाच शब्द टाकून मेलेला असायचा. तक्रार यायची की क्लस्टरच खराब आहे. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये वर सरकत गेलं की दिसायचं, मेमरी संपली होती आणि कर्नलनेच सगळ्यात जास्त खाणाऱ्याला निवडून मारलं होतं. लाखभर ओळींतून हव्या तेवढ्या काढायला ‘ग्रेप’. केन थॉम्पसन यांनी १९७३च्या सुमारास एका एडिटरमधली शोधायची युक्ती सोडवून घेऊन हा स्वतंत्र प्रोग्रॅम केला, तो अजून तस्साच उपयोगी आहे. त्याच्यामागे ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक’ लावून कोणती तक्रार किती वेळा आली ते मोजायचं.

हे शिकताना मला राहून राहून बाबा आठवत. ते खामगावच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. रोज संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय उठत नसत. आकडा चुकला तर खोडायचा नाही, एक रेघ मारायची आणि खालचा आकडा वाचता येईल असा ठेवायचा. मेळ बसला नाही की आधी पाहायचे, फरकाला नऊने भाग जातो का. जात असला तर बहुधा कुठेतरी ५४ चे ४५ झालेले असत. कॉलेजात मित्रांना बाबांचं काम सांगायची मला लाज वाटे. चार पैशांसाठी दिवेलागणीपर्यंत बसणारा माणूस. काकांसमोर बसून लॉग वाचायला लागलो तेव्हा समजलं की शिकायचं ते आमच्या घरच्या गादीवरच होतं. बाबांना हे सांगायचं राहून गेलं.

दोन वर्षांनी परीक्षा झाली. मे महिन्यात रात्री वीज गेली, यूपीएस दमला, सगळं बंद पडलं. सकाळी २५ नोड आले, सात येईनात. म्हणजे चालू होते, पण मुकादम त्यांना ओळख देईना. हात रिबूटकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. पण आधी लॉग उघडला. तिथे पुन्हा पुन्हा एकच ओळ: ओळखपत्र ‘रिवाउंड’. मला अर्थ लागेना. मेहकरला फोन केला. काका तोवर निवृत्त झाले होते. ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, “घड्याळ पाह्यलं काय?”

सगळ्या नोडना एकदम ‘डेट’ विचारली. सात नोड कित्येक वर्षं मागे होते. नोड एकमेकांना ओळखपत्र दाखवतात, त्यावर वेळ असते आणि ते साधारण पाच मिनिटंच चालतं. मुकादमाकडून आलेलं पत्र या सातांना भविष्यातलं वाटत होतं. मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या मेल्या होत्या. वीज होती तोवर कुणाला कळलं नव्हतं. वेळ जुळवणारी सेवा होती, पण फरक हजार सेकंदांच्या वर गेला की ती आपण होऊन बंद पडते, हेही तिच्या लॉगमध्ये लिहिलेलं होतं. घड्याळं हाताने लावली. जेवायच्या आधी सातही नोड कामाला लागले, आणि चालू असलेल्या २५ पैकी एकालाही मी हात लावला नव्हता.

त्या विद्यार्थिनीची पीएचडी झाली. तिने ते गणित पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं, या वेळी दर सहा तासांनी साठवत. तिची माफी मी तेव्हा नीट मागितली नव्हती, ती इथे मागतो.

काका दिवाळीला फोन करतात. तब्येत विचारून झाली की, “बॅटऱ्या बदलल्या काय बे सगळ्या?” २६ बदलल्या. सहा राहिल्यात.