काहीच नसताना काउंटर किती मोजतो?

राजेंद्रनगर, इंदूर
रविवार, सकाळी

चि. चिमणे,


काल दादाचा फोन आला. तुला मुंबईत डिटेक्टरच्या कामावर पीएच.डी.ला प्रवेश मिळाला हे अभिमानाने सांगून झालं, मग आवाज खाली करून विचारतो, "रेडिएशन म्हणजे पोरीला काही होणार तर नाही ना?" अरे, प्रत्येकाच्या अंगात पोटॅशियम-४० असतं, दर सेकंदाला त्याचे चारएक हजार अणू फुटतात, ते कुणाला विचारून फुटतात का? त्याला सांग, छातीवर बॅज लावायला देतील. आतल्या चकत्यांत कॅल्शियम सल्फेट असतं, चिमूटभर डिस्प्रोशियम घातलेलं. किरणांची ऊर्जा ते धरून ठेवतं आणि तापवलं की उजेडाच्या रूपाने परत देतं. दर तीन महिन्यांनी हिशेब होतो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. आकडा ऐकला की दादा शांत होतो.

तू मात्र वेगळंच विचारलंस: आत्या, इतकी वर्षं तू नेमकं केलंस काय?

खरं सांगू? काहीच नसताना काउंटर किती मोजतो, हे बघण्यात निम्मी नोकरी गेली. आम्ही त्याला बॅकग्राउंड म्हणायचो. तळहात आडवा धर, आकाशातून आलेला एक तरी म्युऑन दर सेकंदाला त्यातून आरपार जातो. भिंतीतून किरण येतात, जमिनीतून येतात. हे सगळं वजा केल्यावर जे उरेल ते तुझं. आणि वजाबाकी चुकली की शोध लागतो, म्हणजे लागल्यासारखा वाटतो.

मला लागला होता. शिकत असतानाची गोष्ट, प्रयोगशाळेचं नाव नको. रोज दुपारी चारच्या सुमारास माझे काउंट चढायचे, सहाला उतरायचे. सूर्याशी संबंध आहे एवढं तर उघडच होतं. तीन आठवडे मी वहीत आलेख काढले, मनातल्या मनात निबंधाचं शीर्षकही ठरवलं. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या मदतनिसांनी दिवे मालवले, टॉर्च घेतला आणि माझ्या डिटेक्टरवरून सावकाश फिरवला. एका जागी काउंटर वेड्यासारखा धावायला लागला. काळी टेप सुईच्या टोकाएवढी उचलली गेली होती आणि पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन आत जात होतं. फोटोमल्टिप्लायर प्रकाशाच्या एका कणाचे दहा लाख इलेक्ट्रॉन करतो, त्याचा काय दोष! "सूर्याशी संबंध होता," असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

इंदूरचं तुला ठाऊक आहेच. सुखनिवास तळ्याकाठी १९८४ साली आमच्या केंद्राची पायाभरणी झाली, लेझरवाले डॉ. दिलीप भवाळकर पहिले संचालक, पुढे इंडस-१ हे सिंक्रोट्रॉन मशीन, मग १७२ मीटर घेराचं इंडस-२. गावात आजही 'कॅट' म्हणतात, राजा रामण्णांचं नाव २००५ला दिलं तरी. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगून बघ.

एक रात्र मात्र सांगते. जूनमधला पहिला पाऊस. मशीन बंद, तरी गॅमा मॉनिटरचा आकडा हळूहळू वर. नव्याने लागलेला मुलगा घामाघूम. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, पाऊस थांबू दे. हवेतल्या रेडॉनपासून झालेलं शिसं आणि बिस्मथ सरींबरोबर खाली येतं. एकाचं अर्धायुष्य २७ मिनिटं, दुसऱ्याचं २०. पाऊस थांबल्यावर दोनेक तासांत आकडा जागेवर आला. त्या पोराने नंतर कधी पावसाळ्यात मला उठवलं नाही.

रंगपंचमीच्या गेरीच्या मिरवणुकीत राजवाड्यासमोर कुणी हाक मारली तर ऐकू येते का? बॅकग्राउंडचंही तसंच: ऐकायचं तर गर्दीबाहेर जायला हवं. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची मंडळी अशीच कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरली. त्यांच्या प्रयोगांतल्या सर्वांत खोल जागी, पावणेतीन किलोमीटरवर, त्यांचा डिटेक्टर दोन महिने चालू होता आणि मोजणी शून्य. दोन महिने, चिमणे! मी असते तर आधी वायरी तपासल्या असत्या. त्यांनीही तपासल्या असतील. पण डिटेक्टर शाबूत असेल, तर ते शून्य म्हणजे खजिनाच: म्युऑनचा गोंगाट इथे पोचतच नाही, मग इथे जे काही वाजेल ते न्यूट्रिनोमुळेच वाजण्याचा संभव मोठा. जपानी आणि ब्रिटिश सोबत्यांना घेऊन त्यांनी थोडं वर, २.३ किलोमीटरवर, नवे डिटेक्टर लावले आणि १९६५मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण मिळाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत राइनेसच्या गटालाही मिळाली. लोक १९६५ लक्षात ठेवतात. मला ते रिकामे दोन महिने जास्त आवडतात. तो रिकामा कागद गाइडसमोर ठेवायला छाती लागते.

तुझी गाइड कशी आहे ते कळव. पहिल्याच आठवड्यात सोर्स मागू नकोस, आधी रिकामं मोजून घे, रात्री आणि दुपारी दोन्ही वेळा.

दादाबरोबर शेव पाठवते आहे. सोडियम आयोडाइडचा स्फटिक आणि शेव, दोघांचा स्वभाव एक: दमट हवा लागली की गेले कामातून. स्फटिक निदान ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद करून येतो. शेवेचं झाकण तुलाच घट्ट लावावं लागेल.

तुझी,
आत्या