सर्वांची मिळून एक वही

शिक्षक जन्मावा लागतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझा त्यावर विश्वास नाही. गेली चोवीस वर्षे मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवीत आहे आणि माझा अनुभव असा की, शिक्षक घडवावा लागतो. पाठ घ्यायचा, तो कोठे फसला हे दुसऱ्याकडून ऐकायचे आणि पुन्हा फळ्यासमोर उभे राहायचे, यातूनच तो घडतो. सावित्रीबाई फुले यांनीसुद्धा अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. जयंतीच्या भाषणांत आपण त्यांचे धैर्य सांगतो, पण ही मेहनत मात्र सांगायची राहून जाते.

तर असा शिक्षक दूर बसून घडू शकेल काय? एक गुरू इकडे, शिष्य चाळीस गावांत, मध्ये फक्त फोन. वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला मी पूर्वी एका शब्दात उत्तर दिले असते. आज मात्र मला थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते.

आमच्याकडे पाठ कसा शिकवतात, ते आधी सांगते. पहिली पायरी सूक्ष्म अध्यापनाची. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली आणि आपल्याकडे आली. वर्गातलेच पाच-दहा सोबती विद्यार्थी होऊन बसतात आणि एक छात्राध्यापक एकच कौशल्य घेऊन शिकवतो. ते कधी प्रश्न विचारण्याचे असते, कधी फलकलेखनाचे. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुन्हा नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, असे ३६ मिनिटांचे हे चक्र. त्यानंतर सराव पाठ आणि मग खऱ्या शाळेतली अंतर्वासिता. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, तेव्हा ही अंतर्वासिता किमान वीस आठवड्यांची ठरली. हे सारे माणसे एका खोलीत बसण्यावर उभे आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि ती खोलीच बंद पडली.

मग फोनवरचे चित्रवर्ग सुरू झाले. हजेरीपटावर चाळीस नावे, पडद्यावर बारा चेहरे. कोणी घराच्या पत्र्यावर चढून बसलेले, कोणी गावाबाहेरच्या टेकडीवर रेंज शोधणारे. बाकीचे कोठे गेले? ते काही आळशी नव्हते. घरात फोन एकच, आणि तो सकाळी कामावर जाणाऱ्याच्या खिशात. हा चित्रवर्ग म्हणजे आपली एस.टी. वेळेवर सुटणार, फाट्यावर पोचायला ज्याला उशीर झाला तो राहिला. आणि राहणारा कोण असतो, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

दूरवरून शिक्षक घडवण्याचा विचार काही नवा नाही. १९७५-७६ साली उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचवण्याचा प्रयोग झाला, त्यात शिक्षकांचे प्रशिक्षणही होते. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरीत असलेल्या कितीतरी शिक्षकांना बी.एड.ची वाट उघडून दिली. या गोष्टींचे मोल मोठे आहे. पण त्यांत ज्ञानाचा ओघ मुख्यतः वरून खाली. पुस्तक येते, कार्यक्रम दिसतो, आपण घेतो. माझा पाठ शेजारच्या तालुक्यातल्या सोबत्याने पाहावा आणि त्यात दुरुस्ती सुचवावी, ही सोय त्यात फारशी नव्हती.

ही सोय मला सामायिक पानात सापडली. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. गूगल डॉक्स किंवा तसल्याच साधनात एक कोरे पान उघडायचे. त्याचा दुवा सात-आठ जणांना द्यायचा. मग ते पान सर्वांचे. एक जण परभणीकडून लिहितो, दुसरी बीडकडून त्याच ओळीच्या कडेला शंका टाकते. एकाच वेळी लिहिता येते आणि वेगवेगळ्या वेळीही लिहिता येते. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. चित्रवर्ग एस.टी. असेल, तर हे पान म्हणजे कोनाड्यात ठेवलेली वही. ज्याला जेव्हा हात मोकळा होईल तेव्हा त्याने ती काढावी आणि लिहावे. अक्षरांना चित्रांइतका डेटाही लागत नाही.

मी सात-सात जणांचे गट केले आणि तीन नियम ठेवले. पहिला, कडेला नुसते ‘छान’ लिहायचे नाही. एक तरी प्रश्न विचारायचा किंवा एक तरी बदल सुचवायचा. दुसरा, गटातल्या एकाने आळीपाळीने ‘न समजणारा विद्यार्थी’ व्हायचे आणि फक्त त्याच्या शंका लिहायच्या. तिसरा, माझ्या तासिकांची हजेरी या लिहिण्यावरही धरायची. पानावर कोणी कधी काय लिहिले याची नोंद आपोआप राहते, त्यामुळे तयार टाचण आणून एका झटक्यात चिकटवले की ते लगेच दिसते. मागच्या वर्षीच्या वहीवरून टाचण उतरवून काढण्याची जुनी खोड त्यामुळे बरीच कमी झाली.

आता त्यातला एक पाठ सांगते. विषय गणित, इयत्ता पाचवी, घटक सममूल्य अपूर्णांक. एका मुलाने सुरुवातीला पिझ्झाचे चित्र टाकले. आठ तुकडे, त्यांतले चार म्हणजे अर्धा. त्याच्या कडेला एकीने लिहिले, “आमच्या तांड्यावरच्या पोरांनी पिझ्झा बघितला नाही. भाकरी घ्या.” सर्वांना पटले. पिझ्झा गेला, भाकरी आली. दुसऱ्या दिवशी एकाने शंका काढली, “भाकरी मोडली की तुकडे सारखे कधीच होत नाहीत. अपूर्णांकाला तर समान भाग लागतात. कागदाची पट्टी घडी घालून दाखवू.” हेही खरे होते. भाकरी गेली, पट्टी आली.

आणि त्या रात्री अकरा वाजून गेल्यावर एका मुलीने लिहिले. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची. वर्षभरात तिने आपणहून तोंड उघडल्याचे मला आठवत नाही. तिने लिहिले होते, “भाकरी काढू नका. आमची आई भाकरी वाटताना समान वाटत नाही. जो कामावर जाणार त्याला मोठा तुकडा. मुलांना आधी ती भाकरी दाखवू आणि विचारू, यातल्या प्रत्येक तुकड्याला पाव म्हणता येईल का? ती नाही म्हणतील. का नाही, हे त्यांनाच सांगू द्या. मग पट्टी द्या.”

मी ते चार वेळा वाचले. अपूर्णांकात भाग समान असावे लागतात, ही अट आम्ही फळ्यावर व्याख्या म्हणून लिहून देतो. ती अट मुलांच्या तोंडून काढण्याची युक्ती या मुलीला तिच्या घरच्या टोपल्याने शिकवली होती. गटातल्या सहाही जणांनी आपापले टाचण बदलले. माझ्या शाबासकीपेक्षा तिला ते मोठे वाटले असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून तिचे लिहिणे वाढले.

पण रात्री अकराच का? दिवसा ती सोयाबीनच्या रानात. फोन भावाचा आणि भाऊ टेम्पोवर. तो दहाला घरी यायचा, जेवायचा, मग फोन हिच्या हाती. चित्रवर्गांच्या हजेरीत ती जवळजवळ नव्हतीच आणि अभ्यासक्रम सोडून देण्याचे तिने मनाशी ठरवत आणले होते, हे मला नंतर कळले.

एके दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. “मॅडम, राग मानू नका. पोरगी रोज रात्री अकरा-बारा वाजेस्तोवर फोनवर असते. गल्लीत लोक बोलतेत.” मी म्हटले, “भाऊ, तुमची काळजी रास्त आहे. आज रात्री तिला तुमच्या शेजारी बसवून ते पान उघडायला सांगा आणि सगळे वाचून दाखवायला सांगा.” वडिलांना अक्षरओळख नव्हती. मुलीने ओळ अन् ओळ वाचून दाखवली. ऐकून ते म्हणाले, “म्हणजे ही आपल्या घरची भाकर तू शाळेत नेली म्हण की.” त्यानंतर संध्याकाळी फोन चार्जिंगला लावण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले, असे तिनेच मला कळवले.

मुलींच्या बाबतीत एक दक्षता मात्र घ्यावीच लागते. दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला उघडेल, असे पान कधी ठेवू नये. गटातल्यांनाच ते उघडावे आणि त्यावर कोणाचा मोबाईल क्रमांक लिहिलेला नसावा. घरच्यांची भीती नुसती हसण्यावारी नेऊ नये, तिचे उत्तर द्यावे.

४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपुढचे वर्ग पुन्हा भरू लागले आणि त्या मुलीने हा पाठ खऱ्या मुलांपुढे घेतला. भाकरीपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे झाले. पट्टीच्या दोन, चार, आठ अशा घड्याही झाल्या. मग एका मुलाने विचारले, “बाई, तीन कशा करायच्या?” पानावर सात जणांनी तीन आठवडे डोके चालवले होते, पण हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. आमचा ‘न समजणारा विद्यार्थी’ हा शेवटी समजलेलाच माणूस! ती घाबरली नाही. सर्वांना एकेक पट्टी देऊन म्हणाली, “करून बघा.” आणि गप्प उभी राहिली. थोड्या वेळाने एका मुलीने पट्टी हलकेच तिहेरी दुमडली, कडा सरकवत सारख्या केल्या आणि मगच दाबून घडी घातली. त्या रात्री हे सगळे पानावर आले, पाठाच्या खाली, बारा ओळींत.

दूरच्या शिक्षणाची मर्यादा मला त्या बारा ओळींत स्पष्ट दिसली. पाठाचा विचार मिळून करता येतो, एकमेकांची टाचणे तपासता येतात, मागच्या बाकावरचा आवाज पुढे येतो. पण वर्गात पडलेली शांतता किती वेळ सोसायची, हे पान शिकवत नाही. ते मुलांसमोर उभे राहूनच कळते. म्हणून ‘आता सगळे फोनवरच शिकवू, शाळेत जायचे कारण नाही’ असे कोणी म्हणाले तर त्याला मी विरोध करीन. आणि ‘फोनवर काय शिकवणार?’ म्हणून कोणी हे साधन झिडकारले तर त्यालाही करीन.

महाविद्यालय उघडले तरी ती वही आम्ही मिटलेली नाही. अंतर्वासितेला विद्यार्थी निरनिराळ्या शाळांत विखुरतात आणि मला एका दिवशी एकाच शाळेत जाता येते. आज कोणत्या वर्गात काय झाले, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, हे ते संध्याकाळी पानावर लिहितात. एका शाळेत अडलेल्याला दुसऱ्या शाळेतला सोबती उत्तर देतो. मी बहुतेक वेळा सर्वांत शेवटी लिहिते.

साधनावर मात्र जीव टाकू नये. गूगलचा जॅमबोर्ड नावाचा सामायिक फळा आम्ही हौसेने वापरत होतो. तो ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. साधने येतील आणि जातील. म्हणून चांगल्या पाठाची एक प्रत कागदावर ठेवण्याची माझी सक्ती असते. मिळून लिहिण्याची सवय लागली, तर ती कोणत्याही फळ्यावर टिकते.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात किंवा शेजारी शिक्षक होऊ पाहणारी लेक, सून, मुलगा असेल, तर दिवसातला एक तास फोनवर त्याचा हक्क आहे असे धरा. पाणी भरण्याची जशी वेळ ठरलेली असते, तशी ही वेळही ठरवून द्या. आणि अधूनमधून म्हणा, “आज काय लिहिलेस, वाचून दाखव.” तुम्हाला अक्षर येत नसले तरी चालेल. भाकरी कशी वाटतात, हे तुम्हाला माहीत आहे. कोण जाणे, त्यातूनच पुढचा पाठ निघेल.